खांबापलीकडचा भात

बाबांची काळी, लाकडी मुठीची छत्री त्या वर्षी मी बाराही महिने वापरली. कडक उन्हाळ्यात, दिवेलागणीच्या वेळी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना मी छत्री काखेत मारून निघाले की भांडुपच्या आमच्या चाळीतली पोरं "पाऊस आला, पाऊस आला" म्हणून ओरडायची. मी ढुंकूनही बघायची नाही. छत्री कुत्र्यांसाठी होती. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात दोरी आणि दोरीच्या टोकाला आमची चार किलोची कुत्री, अशी माझी रोजची स्वारी निघायची. एकोणीस वर्षांची मी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते आणि संध्याकाळचे सहा वाजत आले की मी पुस्तक मिटून घड्याळाकडे बघत बसायचे.

कुत्री मुळात आमची नव्हतीच. आई मुलुंडला ज्या बाईंकडे स्वयंपाकाला जायची, त्या मुलाकडे परदेशी कायमच्या गेल्या आणि जाताना ही पांढरी, झुपकेदार शेपटीची पामेरियन आईच्या पदरात टाकून गेल्या. पामेरियन म्हणजे बाजारात मिळते तशी, निम्मी पामेरियन आणि निम्मी देवाला माहीत. दहा बाय दहाच्या दोन खोल्यांत आई, बाबा, मी आणि त्यात हे ध्यान. बाबांच्या गिरणीचा संप चालू होता. दीड वर्ष पगार नाही आणि घरात पामेरियन, यावरून बाबांच्या दोस्तांनी त्यांना इतकं छळलं होतं की तिला दोरी लावून बाहेर न्यायला ते मेले तरी तयार होत नसत. आई मात्र पहिल्याच दिवशी विरघळली. तिला चेडवा म्हणायला लागली. आमच्या मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, लेक. मला ती हाक आईने कधी मारल्याचं आठवत नाही, आणि त्याचा मला थोडा रागही यायचा.

या चेडवाला एक खोड होती. घरात ती काही केल्या घाण करायची नाही. मोरीत उभी करून बघितली, वर्तमानपत्र अंथरलं, घमेल्यात माती घालून दिली. घमेल्यात ती झोपली. पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनच्या कडेचं गवत, एवढीच जागा तिला पसंत होती, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. नाही नेलं तर पोट घट्ट धरून बसायची आणि दाराला नाक लावून बारीक आवाजात रडायची. एकदा भीतीपायी आम्ही सलग दोन संध्याकाळी तिला नेलं नाही, तर तिसऱ्या सकाळी लघवीतून रक्त पडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी मलाच झापलं. पुन्हा असं कोंडलं तर जगणार नाही, म्हणाले.

म्हणजे न्यायला तर हवंच होतं, आणि न्यायचं तर तिठ्यावरूनच.

आमची गल्ली संपायची तिथे तिठा होता. उजवीकडचा रस्ता पाइपलाइनकडे जायचा, डावीकडचा एका बंद पडत आलेल्या कंपनीच्या गेटाकडे. त्या कंपनीचे तीन कुत्रे होते. सकाळी गेटवर उरलेसुरले कारकून यायचे म्हणून वॉचमन त्यांना आत साखळीने बांधून ठेवायचा. संध्याकाळी कारकून गेले की साखळ्या सोडायचा आणि गेट अर्धवट उघडंच ठेवून खाटेवर पसरायचा. कधीकाळी कंपनीच्या कँटीनचं खरकटं खाऊन हे कुत्रे पोसले होते. कँटीन बंद झालं आणि त्यांच्या फासळ्या दिसायला लागल्या. तिघांत कानतुटका म्हणून जो होता तो म्होरक्या. गल्लीतल्या गावठी कुत्र्यांना त्यांनी केव्हाच पळवून लावलं होतं. आमची चेडवा तिठ्यावर दिसली की तिघं न भुंकता यायचे. भुंकणाऱ्याची मला कधी भीती वाटली नाही. हे डोकं खाली घालून, पसरून, तीन बाजूंनी यायचे.

मी वॉचमनशी भांडून बघितलं.

"साखळी कशाला ठेवलीय मग? बांधा की त्यांना!"

"सेठ का ऑर्डर है. शाम को छोडने का." मग माझ्या छत्रीकडे बघून हसत म्हणाला, "तुम्हारा तो इतनासा है. गोद में लेके जाने का ना."

त्याचं ऐकून मी तिला उचलूनही नेलं. ती सगळ्यात मोठी चूक. कुत्री खांद्यावर दिसल्याबरोबर कानतुटका उडी मारून थेट वर आला. ओढणी फाटली, माझ्या कोपराखाली त्याचे दात लागले, आणि चेडवा माझ्या मानेला नखं रुतवून थरथरत राहिली. मी "आई गं" म्हणून इतक्या जोरात किंचाळले की चाळीतून बायका बाहेर आल्या. महापालिकेच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, कुत्रा बांधलेला-पाळलेला आहे ना, मग दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. मेला तर पोटात चौदा इंजेक्शनं. नाही मेला तर सुटलात. ज्याच्या मरणाची मी रोज मनापासून वाट बघत होते, त्याच कानतुटक्याला उदंड आयुष्य दे म्हणून दहा दिवस मी देवाला विनवत होते. रोज सकाळी गेटाच्या फटीतून तो श्वास घेतोय ना हे बघून यायचे. मेला नाहीच तो.

त्याच दिवसांत एकदा जेवताना आई हळूच म्हणाली, "तेंका दोन घास टाकले तर? भुकेन मरतत ते."

बाबा ताटावरून उठलेच. "हय माणसांका पुराक नाय, आणि कुत्र्यांका खंयसून? शितसुद्धा भायर गेला तर बघा!" संपाने बाबांचा आवाज वाढवला होता, बाकी सगळं कमी केलं होतं. आईने खाली मान घालून त्यांचं ताट झाकून ठेवलं. तो विषय तिथेच संपला, असं मला वाटलं.

पुढच्या शनिवारी आईने जाहीर केलं की चेडवाला दृष्ट लागली आहे. साधी नाही, बाहेरची बाधा आहे, आणि सव्वा महिना रोज तिन्हीसांजेला उतारा ठेवावा लागेल.

उतारा आमच्याकडे नवा नव्हता. कोणी आजारी पडलं की भाताचा गोळा त्याच्यावरून उतरवायचा आणि तिठ्यावर नेऊन ठेवायचा. पण तो अमावास्येला, फार तर शनिवारी. रोजचा उतारा मी कधी ऐकला नव्हता. आणि केवढा! पत्रावळीवर चांगला तिघांना पुरेल एवढा भात, त्यावर हळदकुंकू आणि बांगड्याची डोकी. "मागणारो शाकाहारी नसता," आई म्हणाली. ते ती चेडवावरून तीनदा ओवाळायची, आणि चेडवा बांगड्याच्या वासाने पत्रावळीबरोबर तीनदा मान फिरवायची. मी बाबांकडे बघितलं. म्हटलं आता फुटणार. पण बाबांनी हात जोडले. एक वेळ स्वतः अर्धपोटी उठतील, पण उताऱ्याच्या भाताला नाही म्हणण्याची छाती त्यांच्यात नव्हती. आमच्या गावच्या कुठल्याच पुरुषात नसते.

आईचे गुडघे धरलेले, म्हणून न्यायचं काम माझ्याकडे आलं. त्याचे नियम आईने मला पाठ करून घ्यायला लावले. तिठ्याच्या मधोमध ठेवायचा नाही, कोणी ओलांडला तर त्याला लागेल. डावीकडे, विजेच्या खांबापलीकडे ठेवायचा. ठेवला की तोंडातून शब्द न काढता परत फिरायचं. "आणि मागे वळान बघूचा नाय. काय वाट्टेल ता होवदे. इलंस की पाय धुवायचे आणि तशीच चेडवाक घेवन भायर पडायचा. येळ करूचा नाय."

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीने हे सगळं मुकाट्याने केलं. चिडचिड करत केलं, पण नियम एकही मोडला नाही. मागे वळून बघायला माझी मान कधी वळली नाही. शिकलेपण कुठपर्यंत टिकतं ते मला त्या तिठ्यावर कळलं.

आणि आश्चर्य म्हणजे चेडवाला गुण यायला लागला. मी डाव्या बाजूला छत्री उघडमीट करत तिठा ओलांडायची, उताऱ्याकडे न बघता उजवीकडे वळायची, आणि डावीकडून कोणी यायचंच नाही. कॉलेजात मैत्रिणींना मी छत्रीच्या फटकन् उघडण्याचा कुत्र्यांच्या मनावर काय परिणाम होतो ते शास्त्रीय भाषेत समजावून सांगितलं. चेडवाने आठ-दहा दिवसांत शेपटी वर घेतली. पाइपलाइनच्या गवतात ती लोळायची, एखाद्या टोळामागे धावायची, परत येऊन माझ्या चपलेवर हनुवटी टेकायची. मला ती आवडायला लागली होती, हे मला तेव्हा कळलं. छत्री मात्र मी सोडली नव्हती. रोज वाटायचं, आज सुटलो, उद्या नाही.

पंचवीस-एक दिवस झाले असतील. गल्लीच्या टोकाच्या घरात एक मावशी राहायच्या. दारात शिलाई मशीन, समोर तिठा. त्या साताऱ्याकडच्या, बौद्ध. पहिल्या आठवड्यात त्यांनी आईला, "वहिनी, हे रोजचं काय चालवलंय?" म्हणून विचारलं होतं, आणि आईने, "तुमच्यात नसतं, आमच्यात असतं," असं फटकन् उत्तर देऊन त्यांचं तोंड बंद केलं होतं. मला तेव्हा लाज वाटली होती. त्या दिवशी मी कॉलेजातून येत होते तर त्यांनी मशीन थांबवलं.

"राग येऊ देऊ नकोस पोरी. आम्ही हे समदं कधीच सोडलं, म्हणून मी बोलत नव्हते. पण तू माघारी बघत न्हाईस ना, म्हणून सांगते. भात कोण खातंय ठावं हाय का तुला?"

"कोण?"

"ती कंपनीची तिघं. तू गेटाकडं तोंड करून ठेवतीस आणि पाठ फिरवतीस, की आलीच ती. आता तर तासभर आधीच गेटाच्या आडोशाला येऊन बसत्यात तुझी वाट बघत. खाताना मातुर गप असत्यात. मान वर करत न्हाईत."

शेवटची दोन वाक्यं मी ऐकली, पण डोक्यात शिरू दिली नाहीत. रागाने माझे कान तापले होते. म्हणजे ज्यांनी मला फाडलं त्यांना मी रोज हाताने भात आणि बांगडे खाऊ घालत होते! चेडवावरून ओवाळून, तिचा वास लावून! त्यांना आमच्याच कोपऱ्यावर यायची सवय आम्हीच लावली होती. मावशींनी बंद कर असं म्हटलं नव्हतं. ते मीच ठरवलं. आईला सांगण्यात अर्थ नव्हता, ती ऐकणार नाही याची मला खात्री होती. मावशींचं नाव घेतलं तर आणखीच बिनसणार. तेव्हा शिकलेल्या माणसाने करायचं ते मी केलं, कोणाला न विचारता.

त्या तिन्हीसांजेला आईने पत्रावळ हातात दिली. मी ती खांबाकडे नेलीच नाही. चाळीच्या मागच्या बाजूने जाऊन भात नाल्यात ओतला, बांगड्याच्या डोक्यांसकट. थोडा वेळ भिंतीशी उभी राहिले, मग घरी येऊन नेहमीसारखे पाय धुतले. आईने विचारलं, "ठेवलंस मां?" मी मान हलवली. चेडवा दोरी तोंडात धरून दाराशी उभीच होती.

तिठ्यावर पोचलो तेव्हा ते तिघं खांबापाशी जमीन हुंगत होते. तिथे काही नव्हतं. कानतुटक्याने मान वर केली.

मी छत्री उघडली. एकदा, दोनदा. तो थांबलासुद्धा नाही. चेडवाने दोरीला हिसका दिला, माझ्या पायांमागे आली, दोरी माझ्या घोट्यांना गुंडाळली आणि मी गुडघ्यांवर पडले. छत्री दुसऱ्याने ओढून नेली. मी चेडवावर पालथी पडायला गेले, पण माझ्या आधी कानतुटका पोचला होता. त्याने तिला पाठीत धरलं आणि उचलून झटकलं. मी मुठींनी त्याच्या डोक्यावर मारत होते, त्याचा उरलेला कान ओढत होते, सोड, सोड रे, असं माणसाला सांगावं तसं त्याला सांगत होते. मावशी एका हातात कपडे कापायची कात्री आणि दुसऱ्या हातात पाण्याची बादली घेऊन धावत आल्या, बादली त्याच्या अंगावर रिकामी केली. गेटाकडून वॉचमनची शिट्टी ऐकू आली. शिट्टी ऐकल्यावर तिघंही लगेच मागे फिरले. तेवढीच एक शिट्टी, जी त्याला इतके महिने कधी वाजवावीशी वाटली नव्हती.

मी तिला घेऊन धावत घरी आले. आईने मांडी पसरली. चेडवाचं अंग अजून गरम होतं, डोळे उघडे होते, आणि ती आईकडे बघत होती. मावशी दाराबाहेर उभ्या होत्या. आईने त्यांना "आत या" म्हटलं. त्या पहिल्यांदाच आमच्या घरात आल्या आणि चेडवाच्या पाठीवर ओलं फडकं धरून बसल्या. पण करण्यासारखं फार नव्हतं. डॉक्टर बसने पाऊण तासावर होता आणि तिला पाच मिनिटंसुद्धा नव्हती. "चेडवा, गो चेडवा," आई म्हणत राहिली. शेपटी एकदा हलली. मग नाही.

माझ्याने गप्प राहवेना. "मी नव्हता ठेवला उतारा," मी ओरडूनच बोलले. "नाल्यात ओतला. तेच कुत्रे खायचे तो, आई! आपणच पोसत होतो त्यांना!"

मला वाटलं आई मारेल. आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. तिच्या तोंडावर राग असता तर मला बरं झालं असतं.

बाबांनी खुंटीवरचा गिरणीचा खाकी शर्ट काढला. दीड वर्ष त्याला त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. चेडवाला त्यांनी त्यात गुंडाळलं, छातीशी धरलं, आणि ज्या चाळीसमोरून दोरी धरून जायला त्यांना लाज वाटायची, त्याच चाळीसमोरून सगळ्यांच्या देखत पाइपलाइनपर्यंत चालत गेले. खड्डा त्यांनीच खणला. मला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. संध्याकाळ झाली तशी सवयीने दाराकडे बघत बसले. आणि आईने चुलीवर भात चढवला. मला काही कळेना. तिने भात पत्रावळीवर काढला, बांगड्याची डोकी ठेवली. हळदकुंकू नाही, ओवाळणं नाही. ओवाळायचं कोणावरून? बाबा कोपऱ्यात पाठ करून बसले होते. आई एका हाताने भिंत धरत, गुडघे ओढत स्वतः निघाली. मी मागोमाग गेले.

खांबापलीकडे तिने पत्रावळ ठेवली. दहा पावलं परत आली, आणि थांबली. मग सरळ मागे वळली आणि बघत उभी राहिली. इतके दिवस मला वळून बघू न देणारी आई.

तिघं आले. माना खाली घालून खायला लागले. आम्ही दोघी तिथे उभ्या होतो, एवढ्या जवळ, आणि एकानेही डोकं वर केलं नाही. आमच्या मागून, उजवीकडे पाइपलाइनपर्यंतचा रस्ता रिकामा होता. कोणीही चार किलोची कुत्री घेऊन आरामात गेलं असतं.

"आई," मी म्हटलं, "वळून बघायचं नसतं ना?"

"मी पयल्याच दिसा बघलंय," आई म्हणाली. "शनवारी. तू चेडवाक घेवन धाकाधाकान पुढे गेलंस, मी दारातसून इलंय मागसून. म्हटला, खातत काय नाय ते बघूया." ती अजून कुत्र्यांकडेच बघत होती. "तुझ्या बापाशीन कुत्र्यांका घालूक दिल्यान असतो भात? उताऱ्याक कोण नाय म्हणना नाय."

दृष्ट नव्हती, बाधा नव्हती. सव्वा महिन्याचा उतारा कुठल्याच शास्त्रात नव्हता. वेळ करायचा नाही, पाय धुवायचे आणि लगेच तिला घेऊन निघायचं, या सगळ्याचा अर्थ एवढाच होता की भात संपायच्या आत तिला नेऊन आण. मला तिने सांगितलं नाही, कारण मी बाबांशी भांडताना एकदा तरी ते बोलून गेले असते. आणि मी तिला विचारलं नाही, कारण मला वाटायचं तिला काही कळत नाही.

"माका सांगायचंस तरी," मी म्हटलं. घरात मी मालवणी बोलत नसे. त्या दिवशी आपोआप आलं.

पत्रावळ चाटून झाली होती. कानतुटका एकदा आमच्या दोघींकडे बघून गेटाकडे गेला.

"मग आता कशाला घातलास?" मी विचारलं. मला रडू आवरत नव्हतं. "आता कोणासाठी?"

"ते येवन बसलेले मां," आई म्हणाली. "तेंका काय म्हायत, आमच्याकडे आता कोण नाय ता."

मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, चालायला आधार म्हणून, आणि आम्ही घरी आलो.